न वाळलेल्या गोधड्या

माझी बायको जन्मभर कुणाशी भांडली नाही. सासूशी नाही, जावांशी नाही, आणि माझ्याशी भांडायला मी घरी असायचो तरी किती. म्हातारपणी मात्र ती भांडली, आणि भांडली ती उन्हासाठी.

मी रेल्वेत खलाशी, इंजिनांच्या शेडमध्ये. सिकंदराबादला आमचं क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि मागं अंगण. त्या अंगणात हिची बाज, आणि बाजेवर सदानकदा काहीतरी वाळत घातलेलं. डाळ, मिरच्या, गाद्या, उशा, पोराचं स्वेटर. आमच्या उदगीरकडच्या बायकांना हे वेडच असतं. घरात जे जे आहे त्याला अधूनमधून ऊन दाखवायचं. मी म्हणायचो, "आता मलाही दाखव एकदा." ती म्हणायची, "तुम्ही काळेच आहात, अजून करपायचे."

रिटायर झालो, क्वार्टर सोडलं. मुलगा तोवर कंप्युटरच्या कंपनीत लागला होता, त्यानं हैदराबादेतच विद्यानगरला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, खाली वॉचमन. सगळं झकास. फक्त ऊन कुलपात. गच्चीला टाळं, किल्ली असोसिएशनच्या सेक्रेटरीकडं. वर माणसं गेली की स्लॅबला भेगा पडतात म्हणे. आणि बाल्कनीच्या रस्त्याकडच्या कठड्यावर कपडे टाकायचे नाहीत, बिल्डिंगीचा शो जातो. मागच्या बाजूला दुसरी बिल्डिंग इतकी चिकटून, की तिथनं हवाच येत नाही तर ऊन कुठलं. त्यामुळं प्रत्येक घरात झोपायच्या खोलीत कपड्यांचा स्टँड, वर पंखा, खिडकी बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या बिल्डिंगीत कुणी कपडे घालतच नाही.

ही किल्ली मागायला जायची. पायऱ्यांनी जायची, लिफ्टची तिला भीती. सेक्रेटरी तेलुगू माणूस, वाईट नाही, पण नियम म्हणजे जणू त्याच्या पोटचं पोर. तो म्हणायचा, "अम्मा, ड्रायर ले लो ना. आजकल सब लोगां ले रहे." ही आपल्या मोडक्या हिंदीत म्हणायची, "भैया, सूरज कू भी मेंटेनन्स लगाया क्या तुमने?" तो हसायचा. किल्ली कधी द्यायचा, कधी नाही. पुढं पुढं नाहीच.

मग तिनं दुसरी जागा काढली. दुपारी कंपाउंडच्या भिंतीवरून ऊन खाली पार्किंगमध्ये उतरायचं, नेमकं आमच्या मुलाच्या गाडीवर. तो घरून काम करायचा त्या दिवशी ही गोधडी घेऊन खाली जायची आणि गाडीच्या टपावर पसरायची. वर उशा. वॉचमनला दटावून ठेवलेलं, साहेबाला सांगायचं नाही. एकदा सुनेनं वरून बघितलं.

"आई, अहो ती गाडी आहे, बाज नाही."

"तापली की दोन्ही सारखंच," ही म्हणाली.

सून पुण्याची. शिकलेली, स्वभावानं वाईट नाही. पण तिला वाटायचं, सासूबाईंना काही उद्योग नाही म्हणून त्या उन्हामागं फिरतात. मलाही तसंच वाटायचं, उगाच कशाला खोटं बोलू. तिचा उद्योग काय होता हे ती गेल्यावर सहा महिन्यांत कळलं.

श्रावणात गेली ती. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. पावसाची झड लागलेली होती, भिंती सुद्धा हाताला गार लागत होत्या. उदगीरहून माझी आक्का आली. आक्का आली की घरातल्या बाकी सगळ्यांनी गप बसायचं, ही आमच्याकडची रीत.

आता आमच्यात सुतक फिटलं की घर धुऊन काढतात. भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, सगळं पाण्यातून काढायचं. गावाकडं ते सोपं. ओढा आहे, विहीर आहे, घरावरच्या धाब्यावर टाकलं की वाळलं. इथं तिसऱ्या मजल्यावर आक्कानं पदर खोचला. सून म्हणाली, "आत्या, चादरी मशीनला लावते, गोधड्या राहू देत. पावसात वाळायच्या नाहीत."

"सुतकाचं अंथरूण तसंच ठेवायचं? लेकरू झोपतंय त्यावर." आक्कानं माझ्या नातीकडं बोट दाखवलं.

"लेकरासाठीच म्हणतेय."

"तुमच्या पुण्याला चालत असंल बाई. आमच्यात नाही चालत."

सून चादरी घेऊन मशीनकडं गेली. मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी कुणाकडंच बघत नव्हतो, मला त्या दिवसांत काही दिसतच नव्हतं.

हिच्या हातच्या गोधड्या होत्या त्या. जुनी लुगडी आत, वर जरा बरं पातळ, एकावर एक थर, आणि हातानं घातलेले टाके इतके दाट की बोट ठेवायला जागा नाही. एक सगळी हिरवी होती, तिच्या आईच्या लुगड्यांची. अशी गोधडी मशीनमध्ये मावत नाही. आक्कानं आणि आणखी एका भावकीतल्या बाईनं बाथरूममध्ये पायांनी तुडवून धुतल्या. मग त्या घरभर टांगल्या. दारांवर, खुर्च्यांवर, देवघरासमोर दोरी बांधून. घरात चालायचं म्हणजे वाकून. ठिबकत होत्या, त्यांच्याखाली परात ठेवलेली. गच्चीची किल्ली मागायला मुलगा गेला होता, तर सेक्रेटरीनं हात जोडून सांगितलं, वरनं पाऊस पडतोय, किल्ली घेऊन काय करणार. ते मात्र खरं होतं.

मग तेरावं आलं. पाहुणे येणार, बसायला जागा पाहिजे. आक्कानं गोधड्या हातानं चाचपल्या आणि म्हणाली, "कोरडं लागतंय हाताला." वरून कोरडंच लागत होतं. आत सात-आठ थर लुगड्यांचे, ते कोण चाचपणार. माझ्या खोलीतला पलंग पेटीचा आहे, वर फळी, फळीवर गादी, आत कप्पा. त्यात घड्या घालून सगळ्या गोधड्या ठेवल्या, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, फळी लावली, गादी घातली. पाहुणे आले, जेवले, रडले, गेले. आक्काही गेली. जाताना म्हणाली, "सगळं नीट आवरून दिलंय बघ तुला."

त्या पलंगावर मी, आणि माझी नात. दुसरीत आहे ती. आजी गेल्यावर तिनंच ठरवलं, आबांपाशी झोपायचं, आबा एकटे आहेत. आजीच्या बाजूला झोपायची, भिंतीकडं. तिथं नाक गादीला लावून पडायची आणि म्हणायची, "आबा, इथं आज्जीचा वास येतो."

मी पण नाक लावलं होतं. माझं नाक शेडमधल्या तेलानं आणि तंबाखूनं केव्हाच मेलंय. मला काही आलं नाही. पण मी म्हणालो, "येतो की." मला पोरीचा हेवा वाटला, हे खरं आहे. मला जे मिळत नव्हतं ते तिला मिळत होतं.

भाद्रपदात तिला खोकला लागला. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही, पावसाळा आहे, शाळेतून आणला असेल. मग तो जाईना. रात्रीचा वाढायचा, सकाळी छातीतून पिपाणीसारखा आवाज. शाळा बुडायला लागली. कोठी भागात एक लेकरांचे डॉक्टर आहेत, तिथं गेलो. आत आई-बाप दोघंच सोडले, मी बाहेर तिची चप्पल आणि पाण्याची बाटली धरून बसलो. डॉक्टरनं विचारलं म्हणे, घरात ओल आहे का, बुरशी आहे का. सून म्हणाली, नाही, मधला मजला आहे, यंदाच रंग दिलाय. ती काय खोटं बोलली नाही. भिंती कोरड्याच होत्या. मला विचारलं असतं तर मीही नाहीच म्हणालो असतो.

पंप मिळाला. प्लॅस्टिकच्या डब्याला लावून तोंडात धरायचा, दम ओढायचा. पोरगी शहाणी, कुरकुर नाही. मला म्हणायची, "आबा, तुम्ही पण ओढा, तुम्ही पण खोकता." मी म्हणायचो, माझा खोकला जुना आहे, त्याला पंप नक्को, पेन्शन लागते.

आणि मग घरात शोध सुरू झाला. पहिल्यांदा माझी उदबत्ती बंद. हिच्या फोटोपुढं सकाळी एक लावायचो तेवढी. बंद तर बंद. मग पोरीचं कापडी अस्वल गेलं, ससा गेला. पडदे गेले. मग माझ्या तंबाखूवर आले. मी म्हणालो, "अरे मी खातो, ओढत नाही. माझ्या दाढेतनं धूर निघतो का?" तरी डबी बाल्कनीत ठेवायची असं ठरलं. मग मुलानं एक पांढरं मशीन आणलं, हवा साफ करायचं. त्याला दिवा. हवा चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल. हॉलमध्ये ठेवलं की हिरवा. माझ्या खोलीत आणलं की लाल व्हायचा आणि घरघरायला लागायचं. नात म्हणायची, "आबा, याला तुमची खोली आवडत नाही."

मी म्हणालो, खिडकी उघडा. मुलगा म्हणाला, "बाबा, बाहेरची हवा बघा," आणि मोबाईल पुढं केला. त्यात हवेचा आकडा होता. "खिडकी उघडी ठेवली तर मशीनचा काय उपयोग?"

"आणि बंद ठेवून काय उपयोग झाला?"

"बाबा, प्लीज."

बाबा प्लीज म्हटलं की बोलणं संपलं, हे मला कळतं. मी शिकलेला नाही, पण तेवढं कळतं. खिडकी बंद, दार बंद, मशीन चालू, आणि खाली गादी. त्या गादीवर माझी नात नाक लावून पडलेली. खोली जितकी घट्ट बंद केली तितकी ती जास्त खोकली. मग लाल दिवा लागला की मुलगा मशीनची जाळी बदलायचा.

दिवाळीआधी एका सकाळी ती शाळेचा ड्रेस घालून बसली होती आणि तिला बोलता येईना. गळ्याखाली खड्डा पडत होता, बरगड्या आत-बाहेर. ओठांचा रंग बदललेला मी बघितला. मुलानं तिला उचललं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धावला, सून मागं अनवाणी. मी घरात उरलो. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तो बंद करायचं मला सुचलं नाही. फोटोकडं बघून मी हिला शिवी दिली, लिहिण्यासारखी नाही. तिनं आत्ता घरात असायला पाहिजे होतं.

दवाखान्यात ठेवली, बरी होऊन आली. पण सुनेच्या आईचा फोन आला, पुण्याला पाठव. सून आतल्या खोलीत बोलत होती, दार लोटलेलं. "नाही गं, बाकी घर ठीक आहे. त्यांच्या खोलीतच होतं तिला. काय माहीत, म्हातारं माणूस, कपडे, तेल..." पुढचं ऐकलं नाही मी. अंघोळ तर मी रोज करतो. तरी त्या दिवशी पुन्हा केली.

दोघी गेल्या. पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं, सून तिथनंच काम करायला लागली. चार दिवसांत पोरीचा खोकला निम्मा झाला, मग थांबला. फोनवर धावताना दिसायची. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण त्याचा अर्थ काय होता तो मला कुणी तोंडावर सांगितला नाही, एवढंच. हैदराबादची हवा वाईट म्हणावं, तर बिल्डिंगीतली बाकीची पोरं खाली सायकली फिरवत होती.

मग थंडी पडली. मुलगा ऑफिसला गेलेला, मी एकटा. अंगावर घ्यायला सुनेचं ते मऊ, गुलाबी पांघरूण होतं, त्यात मला झोप येत नाही, अंगावर काही आहे असंच वाटत नाही. म्हटलं, हिरवी गोधडी काढावी. इतके दिवस मी पेटी उघडली नव्हती. तिचं आहे ते आत आहे, राहू दे, असं वाटायचं. त्यात माझं काही चुकलं असं मी मानत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंत हात घालायची ज्याला घाई असते, तो वेगळा.

गादी उभी केली, फळी सरकवली, आणि माझ्या मेलेल्या नाकालासुद्धा कळलं. ओल्या पोत्यात उंदीर मेल्यासारखा वास. हिरवी गोधडी वरच होती. तिच्यावर काळे ठिपके, दाट, तीळ सांडल्यासारखे. घडी उलगडली तर आत पांढरी लव उगवलेली, कापूस चिकटल्यासारखी. फळीची खालची बाजू काळी. गादीची खालची बाजू काळी, भिंतीकडची जास्त. जिथं पोरगी नाक लावायची तिथं.

मी खाली बसलो. पोरीला आज्जीचा वास यायचा तो हा होता.

मुलाला फोन केला. तो आला, बघितलं, आणि त्याच्या तोंडातनं पहिलं वाक्य निघालं, "आत्यानं केलं हे सगळं." मग म्हणाला, "आई असती तर..." मग तेही सोडून दिलं. मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरला पाठवला. मी तोवर एक गोधडी खांद्यावर टाकून सेक्रेटरीच्या दारात उभा होतो.

"किल्ली द्या."

"अंकल, ये क्या है?"

"गोधडी. ऊन दाखवायचंय." मग त्याला कळावं म्हणून म्हणालो, "धूप दिखाना है."

"अंकल, टेरेस का मालूम ना आपको. आपको दिया तो सबको देना पडता."

"तो दो ना सबको. तुम्हारे बाप का है क्या धूप?"

चढ्या आवाजात नाही बोललो, सरळ बोललो. त्यानं दार लावून घेतलं. चांगला माणूस आहे, हिच्या तेराव्याला येऊन जेवून गेला होता. मी घरी आलो आणि सगळ्या गोधड्या रस्त्याकडच्या कठड्यावर टाकल्या. बिल्डिंगीचा शो गेला. हिरवी मधोमध. वॉचमन वर आला, मला तो तातय्या म्हणतो, म्हणजे आजोबा. "तातय्या, साब गुस्सा हो रहे." मी म्हणालो, साबाला म्हणावं, वर येऊन काढ.

कुणी आलं नाही. दुपारभर तापल्या. संध्याकाळी मी त्या हुंगल्या तर मला काही वास आला नाही, आणि मला वाटलं झालं, वाचल्या. तेवढ्यात डॉक्टरचा निरोप आला. मुलानं वाचून दाखवला नाही, नुसतं सांगितलं. "बाबा, त्या टाकाव्या लागतील. आतनं जात नाही म्हणतात. गादी पण, पलंग पण."

"एवढी एक ठेवतो. कपाटात, पोरीपासून लांब."

"बाबा, ती येणार असेल तर नाही ठेवता येणार."

मी हिरवी मांडीवर ओढून घेतली. तो माझ्या शेजारी बसला. लहानपणी तो याच हिरव्या गोधडीत झोपायचा, त्यालाही आठवत असणार. मग म्हणालो, "सकाळी गाडी आली की मीच टाकतो. तू हात लावू नको."

सकाळी कचऱ्याची गाडी आली. मी एकेक करून टाकल्या. हिरवी शेवटी. वर कुणाच्या तरी घरची भाजीची सालं पडली. गाडी पुढच्या बिल्डिंगीला गेली.

आता मी लोखंडी खाटेवर झोपतो, खाली मोकळं, झाडू फिरतो. खिडकी उघडी असते. मुलगा काही म्हणत नाही, मशीन परत खोक्यात गेलं. भिंत घासून घेतली, पुन्हा रंग दिला. सून फोनवर विचारते, "बाबा, वास गेला का?" हे तिला कसं सांगायचं ते मला कळत नाही, मला तर पेटी उघडेपर्यंत तो आलाच नव्हता. मग मी वॉचमनला बोलावतो, त्याच्या बायकोला बोलावतो, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना बोलावतो. खोलीत उभं करतो आणि म्हणतो, हुंगा. सगळे नाकं वर करून उभे राहतात आणि म्हणतात, काही नाही, तातय्या. समोरच्या बाई तर म्हणाल्या, आमच्याकडंही येऊन बघा एकदा, आमच्या धाकट्याला पण खोकला आहे. गेलो. त्यांच्या बेडरूममध्ये स्टँड, त्यावर ओल्या चादरी, खिडकी बंद. मी म्हणालो, कपडे बाहेर टाका. त्या म्हणाल्या, असोसिएशन बोलेल ना. मी म्हणालो, बोलू दे, माझ्याशी कुठं बोलायचं सोडलंय. त्या हसल्या. चादरी आतच आहेत.

परवा पोरीचा फोन होता. परीक्षा झाली की येणार आहे, पंधरा दिवस, बघायला म्हणून. राहिली तर राहिली. तिनं विचारलं, "आबा, तो वास गेला?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा गेला, पोरी."

मग म्हणाली, "मग मला खोकला नाही येणार," आणि फोन आईकडं दिला.

मी रोज माझं धोतर आणि पंचा कठड्यावर वाळत टाकतो. सेक्रेटरी खालून जाताना वर बघतो. काल थांबला. "अंकल, कितने दिन चलेगा ये?"

मी म्हणालो, "मेरी पोती आने तक. फिर उसके भी कपडे डालूंगा."

त्यानं मान हलवली आणि गाडी काढायला गेला. आमच्या गाडीचा टप तापलेला होता. दुपार झाली होती, ऊन तिथंच उतरलं होतं.